लुटुपुटीच्या लढाईचे दोन नियम

मनुष्यास लढाईची हौस आहे, मरणाची मात्र नाहीं. म्हणूनच लुटुपुटीची लढाई हा खेळ देशोदेशीं निर्माण झाला. आपल्याकडील फरी-गदग्याच्या खेळांत तलवारीच्या जागीं चामड्यानें मढविलेली काठी आली, ती याच विचारानें. जपानांत १९७० नंतरच्या काळांत उदयास आलेला व पुढें जगभर पसरलेला 'एअरसॉफ्ट' हा खेळ याच कुळांतला. त्यांत हुबेहूब बंदुकीसारखें दिसणारें खेळण्यांतलें शस्त्र घेऊन दोन तुकड्या परस्परांवर ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात. या खेळाचे नियम पुष्कळ आहेत. परंतु त्यांचें सार दोनच गोष्टींत सांठविलेलें आहे. डोळा जपावा, आणि लागलेला मार आपल्या तोंडानें कबूल करावा. हे दोन्ही नियम फार जुने असून पहिल्याची किंमत तर एका राजानें आपल्या प्राणांनीं दिली आहे.

मध्ययुगांत युरोपांतील सरदार घोड्यावर बसून ज्या झुंजी खेळत, त्यांत व खऱ्या युद्धांत फारसें अंतर नसे. ११३० सालीं क्लेरमाँ येथील धर्मसभेनें त्यांवर बंदी घातली. पण सरदारांनीं ती मानली नाहीं, आणि १३१६ सालीं पोप बाविसावा जॉन यानें ती उठविली. बंदीनें जें साधलें नाहीं तें नियमांनीं थोडेंबहुत साधलें. इंग्लंडांत पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दींत, १२९२ च्या सुमारास, टोंकदार तलवार, कट्यार व गदा यांस आखाड्यांत मज्जाव झाला. इतकेंच नव्हे, तर प्रेक्षकांसही शस्त्र आणण्याची मनाई झाली. पुढें बोथट भाले प्रचारांत आले, दोन स्वारांच्या मध्यें कठडा उभा राहिला, आणि चिलखतें अधिक मजबूत झालीं.

एवढी सिद्धता असतांही ३० जून १५५९ रोजीं पॅरिस येथें अनर्थ ओढवला. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री हा कन्येच्या व बहिणीच्या विवाहोत्सवानिमित्त स्वतः आखाड्यांत उतरला होता. कांहीं फेऱ्या झाल्या तरी त्याची हौस फिटेना. आपल्या स्कॉटिश रक्षकदलाचा सरदार माँटगोमेरी याच्याशीं आणखी एक फेरी खेळण्याचा त्यानें हट्ट धरला. आघातासरशीं माँटगोमेरीचा भाला मोडला, आणि त्याच्या ढलप्या शिरस्त्राणाच्या झडपेंतून राजाच्या डोळ्याजवळ शिरल्या. आंब्रोआझ पारे व व्हेसालियस यांच्यासारखे त्या काळचे अग्रगण्य वैद्य उशाशीं असूनही १० जुलै रोजीं राजा मरण पावला. माँटगोमेरीच्या मनांत वैर नव्हतें. राजानें स्वतः त्यास दोषमुक्त केलें होतें. पण झडपेच्या फटीस हेतु कळत नाहीं.

तलवारबाजांनीं हाच धडा गिरविला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तारेच्या जाळीचा मुखवटा प्रचारांत आला. तत्पूर्वीं तोंडावर वार न करणें हाच काय तो डोळ्यांचा पहारा होता. परंतु मुखवटाही पुरा पडतोच असें नाहीं, हें १९८२ सालीं रोम येथील जागतिक स्पर्धेंत दिसून आलें. प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडून तें ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मुखवट्यांतून डोळ्यांत घुसलें, व थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. त्यानंतर मुखवटा, पातें व अंगरखा यांविषयींचे नियम अधिक कडक करण्यांत आले.

आतां दुसऱ्या नियमाकडे वळावयाचें. जुन्या तलवारबाजांत वार लागतांच तसें स्वतः बोलून दाखविणें हें कुलीनतेचें लक्षण मानीत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत एपे या प्रकारांत विजेच्या साधनानें वार मोजले गेले, आणि माणसाच्या शब्दाची गरज संपली असें वाटूं लागलें. पण १९७६ सालीं माँट्रिअल येथें आधुनिक पंचक्रीडेच्या सामन्यांत बोरिस ओनिश्चेंको या सोव्हिएट खेळाडूच्या तलवारीच्या मुठींत एक छुपी कळ सांपडली. वार न लागतांही ती दिवा लावीत असे! त्यास स्पर्धेंतून काढण्यांत आलें. यंत्रामुळें लबाडी थांबली नाहीं. तिला नवी वाट मिळाली, इतकेंच.

एअरसॉफ्टमध्यें या दोन्ही नियमांची एकदम परीक्षा होते. गोळी डोळ्यास लागल्यास दृष्टि जाऊं शकते. म्हणून मैदानांत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत संरक्षक चष्मा उतरविणें निषिद्ध आहे. विश्रांतीच्या जागीं शस्त्रांतील गोळ्यांची पेटी काढून ठेवावी लागते, आणि खेळापूर्वीं शस्त्रांतून सुटणाऱ्या गोळीचा वेग मोजतात. जपाननें २००६ सालीं शस्त्रविषयक कायद्यांत दुरुस्ती करून या खेळण्यांच्या जोरास मर्यादा घातली. ६ मिलिमीटरच्या गोळीस ती सुमारें १ ज्यूल इतकी पडते. परंतु ही गोळी रंगाच्या गोळीप्रमाणें कपड्यावर खूण ठेवीत नाहीं. झाडीआड ती कोणास लागली, हें बहुधा लागलेल्यासच ठाऊक! त्यानें 'हिट' असें ओरडून हात वर करावा व मैदान सोडावें, असा नियम आहे. तो गप्प राहिला तर मारणारा चिडतो, अधिक जवळून झाडूं लागतो, आणि त्याच्या मनांत अधिक जोराच्या शस्त्राचा मोह उत्पन्न होतो. म्हणजे दुसरा नियम मोडतांच पहिलाही धोक्यांत येतो. डोळ्याचें रक्षण अखेर जिभेच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतें.

चष्मा बाजारांत मिळतो, वेग यंत्र मोजतें, मर्यादा सरकार ठरवितें. 'मला लागलें' हे दोन शब्द मात्र खेळाडूनें घरूनच आणावे लागतात.