छाट आणि कार्ड

गोंदियातल्या तरुण मुली हक्काची भाषा बोलू लागल्या की ती पुण्या-मुंबईहून, मोबाइलवरून आली असे सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. या जिल्ह्यात स्त्रीच्या हक्काचा सर्वांत जुना प्रश्न विडीच्या सुपात सापडतो: घरात बसून केलेले काम हे काम आहे की नाही? तेंदूपत्ता भिजवायचा, कैचीने मापात कापायचा, जर्दा भरून विडी वळायची, दोरा बांधायचा, कट्टे रचायचे आणि सट्टेदाराकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, मोजून द्यायचे. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. त्यातही पसंत न पडलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला निघत आणि तेवढी मेहनत बुडे. हे सगळे ओसरीत, स्वयंपाक आणि लेकरे सांभाळत चाले. त्यामुळे घरच्यांना तो फावल्या वेळचा उद्योग वाटे आणि कारखानदाराला ती बाई आपली कामगारच वाटत नसे.

कायद्यालाही ती उशिराच दिसली. हा भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा, १९४८ साली, शेतीच्या हंगामात विडीकामाला बंदी घालता येईल असा कायदा प्रांताने केला. सागर जिल्ह्यात तशी बंदी आली आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. शेतात राबू न शकणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची आणि अपंगांचीही रोजी या बंदीने जाते, हे न्यायालयाने नोंदवले. रोजी वाचली, पण कामगार म्हणून नाव लागले नाही. ते १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने लागले. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून माल घेऊन घरी विडी वळणारीही त्यात ‘कर्मचारी’ ठरली. मालकांनी कायद्याला आव्हान दिले, १९७४ साली ते फेटाळले गेले. पुढे भविष्यनिर्वाह निधीवरून वाद झाला. घरी बसलेल्या बाईवर आमची देखरेखच नाही, मग ती आमची कामगार कशी, हा मालकपक्षाचा मुद्दा. माल नाकारण्याचा अधिकार हीच परिणामकारक देखरेख, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. ज्या छाटीने पिढ्यान्‌पिढ्या मजुरी खाल्ली, तीच मालक मालक असल्याचा पुरावा ठरली! या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

यावर कुणी म्हणेल, हा कामगार चळवळीचा इतिहास झाला, स्त्रीवादाचा नव्हे. त्या बायकांनी तो शब्द कधी उच्चारला? पण २० जुलै १९४२ रोजी नागपुरात, बाबासाहेबांच्या उपस्थितीत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क होता, बहुपत्नीत्वाला विरोध होता, आणि त्यांच्याच जोडीला गिरण्या व विडी कारखान्यांतल्या बायकांसाठी पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतनही होते. घरातला नवरा आणि कामावरचा मालक हे दोन वेगळे विषय आहेत, असे त्या परिषदेला वाटले नाही. शब्द नसेल, समज पूर्ण होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जर्द्याची धूळ छातीत जाते, पाठ वाकते, विडी ओढणाऱ्याचेही नुकसानच. मग असल्या धंद्याचा गौरव कशाला? गौरव धंद्याचा नाहीच. मुली तो सोडून शिकतात, परिचारिका होतात, दुकानात किंवा कार्यालयात लागतात, हे चांगलेच आहे. मात्र धंदा सुटला म्हणून प्रश्न सुटत नाही. आजीच्या हातात विडी कामगाराचे कार्ड यायला कायदा करावा लागला. गावात ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती म्हणून फिरणाऱ्या नातीला सरकार आजही ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि तिच्या कामाला वेतन नव्हे, मोबदला देते. अंगणवाडीत मिळते ते ‘मानधन’. हे मानधन म्हणजे वेतनच आणि अंगणवाडी सेविका-मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळाले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. आशांची ‘स्वयंसेविका’ ही पाटी मात्र अजून तशीच आहे.