पावसाळ्यातील गाडीचा विसावा

1818 मध्ये खानदेशावर इंग्रजी अंमल बसला आणि पुढे आगगाडीने कजगावासारख्या स्थानकांतून गिरणाकाठचा मुलूख मुंबईच्या कापूसबाजाराशी जोडला, तरी शेतापासून स्थानकापर्यंतचा भार बैलगाडीच वाहत असे. आणि मृगाच्या पावसाने याच गिरणाकाठच्या भडगावची काळी जमीन चिखलमय होताच तीच गाडी जवळजवळ दसऱ्यापर्यंत निरुपयोगी ठरे. म्हणून कास्तकार तिची तजवीज आधीच करी: चाके काढून आसाला एरंडेल चोळावे, साटी दगडांवर टेकवून छपराखाली ठेवावी, उन्हाने आटलेल्या लाकडावर सैल झालेली लोखंडी धाव लोहाराकडून तापवून पुन्हा आवळून घ्यावी. बैल मात्र औताला जुंपलेलेच असत. वाहनाच्या विश्रांतीलाही श्रमाइतकेच महत्त्व देणारी ही कृषिपरंपरा आजच्या मोटारमालकांनीही अवश्य अनुसरावी.