पिकअप मंदावणे (मोटारगाडी)

ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाने उशिरा किंवा अपुरा जोर देणे. ‘गाडी पिकअप घेत नाही’, ‘ओढत नाही’ एवढेच चालक सांगतो. पण त्या एका तक्रारीत तीन निरनिराळे दोष असू शकतात. जोर उशिरा येतो, किंवा वेळेवर येतो पण कमी पडतो, किंवा इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी मात्र पळत नाही. यांतला कोणता, हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

दोष सर्वांत जास्त बोचतो तो ओव्हरटेक करताना. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात मुरुम येथे विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात या भागात उसाने लदलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे मोटार अडकते. समोरचा रस्ता मोकळा दिसला की चालक पाय दाबतो, गाडी क्षणभर ढिम्म राहते, आणि तेवढ्यात समोरून ट्रक येतो. याच भागातली काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच भरून टाकते. म्हणून पहिली तपासणी फिल्टरचीच. फिल्टरवर हवा मारायचीच असेल तर ती आतून बाहेर आणि कमी दाबाने मारावी. पंक्चरच्या दुकानातल्या जोरदार हवेने कागद फाटतो आणि मग धूळ थेट इंजिनात जाते. नवा फिल्टर टाकणे स्वस्त पडते.

इंजिनाला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. तसेच फारसा ब्रेक न लावता काही अंतर चालवूनही एखाद्या चाकाची डिस्क इतरांपेक्षा जास्त तापली असेल, तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. या दोन्ही दोषांत इंजिन निर्दोष असते.

प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८०० मध्ये पाय आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये एक केबल असे. ढिली झाली की नट फिरवून ताण दिला, काम झाले. आताच्या गाड्यांत पेडलखाली दोन सेन्सर असतात. त्यांचे व्होल्टेज ईसीयू (इंजिनाचा संगणक) ताडून पाहतो आणि मगच थ्रॉटल बॉडीतली मोटर झडप उघडते. दोन आकडे जुळले नाहीत तर ईसीयू इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करून ठेवतो, म्हणजे गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते. पेडल सेन्सरसाठी पी-२१३८ आणि थ्रॉटलसाठी पी-२१३५ हे स्कॅनरवर नेहमी दिसणारे दोष-कोड. अशा वेळी आधी कनेक्टर आणि वायरिंग बघावे. उंदरांनी कुरतडलेली वायर हे महागड्या पार्टपेक्षा सोपे कारण असते.

थ्रॉटल बॉडी साफ करणे हा गॅरेजवाल्यांचा आवडता उपाय, आणि तो गरजेपेक्षा जास्त विकला जातो. क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफेचा काळा थर झडपेच्या कडेला बसतो. त्याने आयडल बिघडते, पाय हलका दाबताना झटका बसतो. पूर्ण उघडलेल्या झडपेवर त्याचा परिणाम नगण्य. त्यामुळे गाडी चढावर ओढत नसेल तर या सफाईने फरक पडणार नाही. सफाई करायचीच तर इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नये, आणि नंतर त्या मॉडेलच्या पद्धतीप्रमाणे आयडल पुन्हा शिकवावे लागते. कार्ब क्लीनर एअरफ्लो सेन्सरवर मात्र कधीच मारू नये, त्याच्या तारेसाठी वेगळा स्प्रे मिळतो.

कोड नसला की ‘सगळं ओके आहे’ म्हणून मेस्त्री मोकळा होतो. खरी माहिती स्कॅनरवरच्या लाइव्ह डेटात असते. पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू इंधन किती वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा आयडलवर बराच अधिक असेल आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर एखाद्या फुटक्या होजमधून बिनमोजलेली हवा आत शिरते आहे. उलट आरपीएम आणि भार वाढताना आकडाही चढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे बोट जाते. ट्रिम सरळ असून भाराखाली गचके बसत असतील तर स्पार्क प्लग आणि कॉइल तपासावेत. सीएनजीवर जोर थोडा कमी राहणारच, कारण गॅस हवेची जागा अडवतो. तो बिघाड नव्हे. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ठिकाणी विरळ हवेमुळे बिनटर्बो इंजिन दहा टक्क्यांहून अधिक ताकद गमावते, तेही दुरुस्त करण्याजोगे नाही. उसापासूनही काढले जाणारे इथेनॉल २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलचा फटका पिकअपपेक्षा मायलेजला जास्त बसतो. जुन्या गाडीत मात्र रबरी नळ्या आणि सील पाहून घ्यावेत.

डिझेल इंजिनात जोर ठरतो तो इंधनाच्या मात्रेवर. कमी आरपीएमला टर्बो भरायला लागणारा वेळ हा रचनेचा भाग आहे, खालचा गिअर हेच त्याला उत्तर. पण पाय दाबल्यावर फुस्स असा आवाज येत असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळ्यांवर हात फिरवावा. क्लॅम्पपाशी तेलात भिजलेली धूळ चिकटलेली सापडली, तर गळती तिथेच. काळा धूर आणि मंदपणा एकत्र आले तर अशा गळतीबरोबरच ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी) झडप उघडी अडकल्याचाही संशय घ्यावा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो काजळीने तुंबतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सूचना-दिवा लागताच सोलापूर–हैदराबाद महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवल्यास काजळी बहुधा जळून जाते. दिवा तरीही राहिला तर स्कॅनर लावून सक्तीचे रिजनरेशन (काजळी जाळणे) करावे लागते. डीपीएफ कापून काढण्याचा सल्ला मिळतो, पण असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला सोडून आहे.