प्रतापगड नंबर दोन

प्रतापगड म्हटलं की आपण थेट जावळीच्या खोऱ्यात पोचतो. १० नोव्हेंबर १६५९, अफझलखान, वाघनखं... चौथीपासून पाठ! पण याच नावाचा एक डोंगरी किल्ला महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातही आहे. तालुका अर्जुनी मोरगाव; नवेगाव बांधचा जुना तलाव याच तालुक्यात. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा भाग भंडाऱ्यात होता.

किल्ल्याचे आता अवशेषच उरलेत. गाव ओळखलं जातं ते महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. इथे महादेवाचं देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही. यात्रेला आलेली माणसं दोन्हीकडे डोकं टेकवतात.

गंमत बघा, साताऱ्याच्या प्रतापगडाखालीही एक कबर आहे, खुद्द अफझलखानाची. तिच्याभोवतीचं अतिक्रमण २०२२ साली पोलीस बंदोबस्तात पाडलं गेलं. त्या गडाची लढाई आपल्याला तारखेसकट माहीत असते. या गडावर शाळेच्या पुस्तकात धडा नाही. आहे ती फक्त लोकांनी दरवर्षी डोंगर चढून जपलेली रीत. माझ्या मते तोही इतिहासच. फक्त त्यात लढाई नाही, म्हणून परीक्षेत येत नाही, इतकंच!