डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीपासून जाऊबाईंच्या वहीपर्यंत

देहूच्या माळवाडीतून बोलतेय. आज आपण विजेवरच्या मोटारगाडीबद्दल आणि तिच्या बॅटरीबद्दल बोलणार आहोत. बॅटरी म्हटलं की गटातली एखादी लगेच म्हणते, "ते आमच्या ह्यांचं खातं." म्हणून आधी माझ्याच घरातली फजिती सांगते.

भारनियमनाची वर्षं आठवतात ना? पोरांच्या परीक्षा, गिरणी बंद, पंखा बंद. तेव्हा आम्ही हौसेनं इन्व्हर्टर घेतला. त्याची ती जड काळी बॅटरी, वर सहा टोपणं, आणि दुकानदारानं हातात दिलेली डिस्टिल्ड वॉटरची बाटली. मला वाटायचं पाणी हे घालतात, ह्यांना वाटायचं मी घालते. दोन वर्षांत बॅटरी कोरडी पडून मेली. सासूबाई म्हणाल्या, "तुळशीला पाणी घाला म्हणून कुणी सांगावं लागत नाही, मग हिलाच का?" नव्या बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

त्या काळ्या बॅटरीचं घराणं फार जुनं आहे. 1859 साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते नावाच्या माणसानं शिशाचे पत्रे आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. पुढं चाळीसेक वर्षांत तिच्यावर मोटारी धावायला लागल्या. हो, विजेच्या मोटारी काही आजच्या नाहीत. 1900 च्या आसपास अमेरिकेतल्या शहरांत त्या सर्रास दिसत, आणि कंपन्या त्यांच्या जाहिराती खास बायकांसाठी करत. कारण साधं होतं. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढं हँडल घालून जोर लावून फिरवावं लागे. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. विजेच्या गाडीत नुसतं बसायचं आणि निघायचं. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या लाखांनी विकत होते, पण त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः 1914 सालची विजेची गाडी चालवत.

मग ती गाडी गेली कुठं? 1912 साली पेट्रोलच्या गाडीला बटण दाबून सुरू होणारा स्टार्टर बसला आणि हँडल गेलं. गंमत बघा, त्या स्टार्टरला लागायची बॅटरीच. म्हणजे बॅटरीनंच बॅटरीच्या गाडीला रस्त्यावरून बाजूला सारलं. पेट्रोल स्वस्त झालं, रस्ते लांबवर गेले, आणि शिशाच्या बॅटरीची वीज तेवढ्या लांब पुरेना.

आपल्याकडं वीज आणि प्रवास यांची गाठ आधी रेल्वेनं घातली. 1930 साली डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर, आणि ती आपल्या देहूरोड स्टेशनावरूनच जाते. रेल्वेला बॅटरी वाहून न्यावी लागत नाही, डोक्यावर तार असते. मोटारीला तार बांधता येत नाही. तिला आपली शिदोरी पोटाशी बांधूनच निघावं लागतं. सगळी अडचण त्या शिदोरीची आहे.

पुढं आपला हा पट्टा कारखान्यांचा झाला. पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, मग चाकण. 1969 साली चिंचवडला बॅटरीचा कारखाना आला, तोही शिशाच्या बॅटऱ्यांचा. 1972 पासून आकुर्डीहून चेतक स्कूटर निघायला लागली. लग्नात चेतक मिळावी म्हणून रुसलेले जावई आपण सगळ्यांनी बघितलेत, काहींनी तर घरात पोसलेत. हे सगळं पेट्रोलवर. बॅटरीचं काम फक्त दिवा आणि हॉर्न यांच्यापुरतं.

2001 साली बंगळुरूहून रेव्हा नावाची छोटी विजेची मोटार निघाली. तिच्यातही शिशाच्याच आठ बॅटऱ्या होत्या, आणि त्यांना पाणीही घालावं लागे. एका चार्जमध्ये साधारण 80 किलोमीटर जायची. बॅटऱ्या थकल्या की सगळा संच बदलायचा. हौशी माणसांनी ती घेतली, पण देहूहून चाकणला रोज ड्युटीला जाणाऱ्याच्या कामाची ती नव्हती.

फरक पडला तो लिथियमनं. 1991 साली जपानच्या सोनी कंपनीनं लिथियमची बॅटरी बाजारात आणली, मोबाईलमध्ये असते तीच जात. तेवढ्याच वजनात शिशापेक्षा तिच्यात कितीतरी पट जास्त वीज मावते. 1997 साली अमेरिकेत टेक्सासला जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि नंजुंदस्वामी या आपल्या माणसांनी लोखंड आणि फॉस्फेट घालून तिची एक स्वस्त, शांत डोक्याची जात शोधली. तिला एलएफपी म्हणतात. गुडइनफ यांना 2019 साली नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. एलएफपी हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याच 2019 च्या फेब्रुवारीत पुण्यात पीएमपीच्या विजेच्या बस सुरू झाल्या. त्यांचा एक डेपो निगडीला, भक्ती-शक्तीपाशी. आपल्यापैकी बऱ्याच जणी विजेच्या गाडीत पहिल्यांदा बसल्या त्या तिथंच. जानेवारी 2020 मध्ये चेतक परत आली ती विजेची होऊन, आणि त्याच महिन्यात टाटांची नेक्सॉन विजेवर आली. ती रांजणगावला बनते. 2022 मध्ये जर्मन कंपनीची दीड कोटीच्या घरातली विजेची गाडी चाकणला जोडली जायला लागली, आणि 2025 पासून महिंद्राच्या विजेच्या मोटारी चाकणहून निघताहेत. ज्या पोरी तिथं लाइनवर उभ्या राहून वायरी जोडतात, त्यातल्या कितीतरी आपल्या गटांतल्या आयांच्या लेकी आहेत.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा चाकणला कामाला आहे. त्यानं दोन वर्षांपूर्वी विजेची मोटार घेतली, वापरलेली. सोसायटीचं कर्ज झालं, जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. मुलगा शिफ्टला जाणारा, त्यामुळं रात्री पिन लावायची आणि सकाळी काढायची ती जाऊबाईंनी. गाडीतल्या काट्यावर 100 टक्के दिसायचं, पण मुलगा म्हणायचा की ती सांगते तेवढी पळत नाही. 25 टक्क्यांवरून एकदम 10 वर यायची. एकदा तळवड्याच्या चौकात रात्री बंद पडली. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं, "तुमची चालवण्याची पद्धत चुकते."

जाऊबाई सातवी शिकलेल्या. पण तीस वर्षं दुधाचा रतीब त्यांनी वहीवर सांभाळलाय, एका लिटरची चूक नाही. त्यांनी त्याच वहीत मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. तारीख, गाडीचे किलोमीटर, पिन काढताना किती टक्के, गाडी परत आली तेव्हा किती टक्के, ऊन होतं का पाऊस. दोन महिन्यांनी ती वही घेऊन त्या स्वतः सर्व्हिस सेंटरला गेल्या. मुलाला म्हणाल्या, तू गप्प बस. काउंटरवरचा मुलगा आधी हसला, मग त्यानं साहेबाला बोलावलं. मशीन लावलं, बॅटरीचा रिपोर्ट काढला, तर आतला एक भाग बाकीच्यांपेक्षा लवकर रिकामा होत होता. तो वॉरंटीत बदलून मिळाला.

मिळाला, कारण दोन गोष्टी जुळल्या होत्या. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी असते, आणि ही गाडी त्यात बसत होती. दुसरं, आरसी बुकावर नाव बदलून घेतलेलं होतं. हे नावाचं प्रकरण साधं समजू नका. काही कंपन्या आजीवन वॉरंटी देतात, पण ती पहिल्या खासगी मालकापुरती. घरातल्या घरात नाव बदलायचं झालं तरी वॉरंटीचं काय होईल ते आधी लेखी विचारावं. आणि खासगी गाडी, म्हणजे हिरव्या पाटीवर पांढरे आकडे असलेली, कंपनीच्या कामगारांची ने-आण करायला भाड्यानं लावली तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. भाड्याच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असतात. 2024 मध्ये सरकारनं महिलांसाठी गुलाबी ई-रिक्षाची योजना आणली, त्यात 70 टक्के बँकेचं कर्ज असतं. तिथं तर हप्ता आपल्या नावावर, म्हणजे बॅटरीही आपल्याच जिवावर.

सांभाळायचं काय, ते सांगते. या बॅटरीला पाणी लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं काहीच लागत नाही. आत लिथियमचे कण सासर-माहेर करत असतात. चार्ज करताना इकडून तिकडं, गाडी चालताना परत. बॅटरी तापलेली असताना घाईघाईनं ये-जा करायला लावली की काही कण वाटेतच अडकतात, ते पुन्हा परत येत नाहीत. म्हणून उन्हातून आलेली गाडी जरा निवू द्यावी आणि मग पिन लावावी. हायवेवरचं फास्ट चार्जिंग प्रवासात ठीक आहे, रोजचं जेवण मात्र घरच्या संथ चार्जिंगचं. घरच्या चार्जरवर तासाला साधारण तीन युनिट भरतात. 30 युनिटची बॅटरी रिकामी असली तर रात्र लागते, लागू दे.

किती भरायची, यावर गावात दोन तट आहेत. एक म्हणतो 80 टक्क्यांवर थांबा, दुसरा म्हणतो पूर्ण भरा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण बॅटरीच्या जाती दोन आहेत. निकेलवाल्या जातीला रोज काठोकाठ भरणं सोसत नाही. एलएफपीला मात्र अधूनमधून 100 टक्के भरावंच लागतं, नाहीतर आत किती वीज उरलीय याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. चाकणहूनच दोन्ही जातींच्या गाड्या निघतात, म्हणून शेजारणीचं ऐकून चालणार नाही. आपल्या गाडीचं पुस्तक उघडून बघा. शून्यावर नेऊन उभी मात्र कुठलीच गाडी ठेवू नये. बीजेच्या गर्दीत आमच्याकडं गाडी चार-पाच दिवस हलत नाही, तेव्हा जाऊबाई ती निम्म्यावर ठेवून सावलीत लावतात.

पिन लावायला 15 अँपिअरचा स्वतंत्र बोर्ड हवा आणि अर्थिंग पक्कं हवं. वायरमनकडून तपासून घ्या. खिडकीतून काढलेल्या एक्सटेन्शनवर गाडी लावली की वायर वितळते आणि दोष गाडीला जातो. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगाव भागात उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्या उन्हाळ्यातल्या अशा आगींनंतर दुचाकींच्या बॅटरीचे नियम त्याच डिसेंबरपासून कडक झाले. आणि इंद्रायणीचं पाणी गाडीत शिरलं असेल, तर वरून वाळलेली दिसली तरी तपासून घेतल्याशिवाय पिन लावायची नाही.

एक राहिलंच. एवढी मोठी बॅटरी पोटात असली तरी बहुतेक विजेच्या गाड्यांत पुढं एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. दरवाजे, दिवे आणि गाडी जागी करण्याचं काम तिचं. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही. आमच्याकडं हे एकदा झालं, भाऊजी म्हणाले लाखो रुपये पाण्यात गेले. जाऊबाईंनी वही काढली, बघितलं तर आदल्या रात्री 82 टक्के. म्हणाल्या, "मोठीला काही झालं नाही, धाकटीला बघा." बॉनेट उघडलं तर आत तीच आमच्या इन्व्हर्टरवाल्या घराण्यातली शिशाची बॅटरी, 1859 पासून चालत आलेली. ती बदलायला काही हजार लागले.

पाटल्या गेल्या दिवाळीला सुटल्या. वही आता तिसरी चालू आहे. पुढच्या पानांपासून दूध, मागच्या पानांपासून गाडी.