आठास त्रेचाळीस

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी संस्थानांचे विखुरलेले तुकडे वगळता तासगाव, वाळवे, खानापूर, शिराळे हा सारा मुलूख १९४९ सालापर्यंत साताऱ्याच्याच दप्तरात मोडत असे. संस्थाने विलीन झाल्यावर ‘दक्षिण सातारा’ असा निराळा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव प्राप्त झाले. ही हद्द आखणाऱ्या अंमलदारांच्या मनात मोटारीचा मागला आस असण्याचे काही कारण नव्हते. तथापि ज्याने या दोन्ही मुलखांतून माल वाहिला आहे त्यास विचाराल, तर वरच्या अंगास खंबाटकी, पसरणी, आंबेनळी आणि कुंभार्ली, व कऱ्हाड ओलांडून खाली उतरले की कृष्णा-वारणेच्या काठची काळी, सपाट, उसाची आणि हळदीची जमीन, एवढीच तफावत तो सांगेल. आणि एकच गाडी या दोन्ही ठिकाणी सारख्याच गुणाने चालावी ही अपेक्षा अडाणीपणाची आहे, असेही बजावील.

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. बैलगाडीच्या चाकास आरे असतात, तुंबा असतो, धाव असते. परंतु चढावर जोर वाढविण्याची तजवीज तिच्या रचनेत कोठेही नसते. म्हणून घाटाच्या पायथ्याशी जादा बैलजोडी भाड्याने घेऊन ती पुढे जुंपावयाची, माथ्यावर सोडून द्यावयाची आणि पुढचा रस्ता आपल्या जोडीवर काढावयाचा, ही गाडीवानांची वहिवाट होती. खंबाटकीच्या उत्तर पायथ्याचे खंडाळे हे असेच विसाव्याचे गाव. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेताना इंग्रजांनी मोबदला म्हणून दिलेले खंडाळे ते हेच, पुण्या-मुंबईच्या वाटेवरचे नव्हे, हे जाता जाता सांगितले पाहिजे, कारण भले भले तेथे फसतात. पुढे रेल्वे आली तेव्हा महाबळेश्वरास जाणारे लोक वाठार स्टेशनावर उतरत आणि वाईवरून पसरणीचा घाट टांग्याने चढत. वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आणि चढ पाचशे मीटरांहून अधिक. टांग्याचे घोडे वाटेत बदलता येत. मोटारीचे इंजिन बदलता येत नाही, आणि येथूनच मागल्या आसाचा विचार सुरू होतो.

दाते पाडलेली चाके या भागास अपरिचित नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना मांडला, साताऱ्यास धनजीशा कूपरांनी १९२२ साली आपला उद्योग उभारला, आणि नांगर, चरक, पंप यांच्या संगतीने लहान चाकाने मोठे चाक फिरविले असता वेग जातो व जोर येतो, हे तत्त्व शेतकऱ्याच्या अंगणातच येऊन बसले. मोटारीच्या मागल्या आसाच्या हौसिंगात दुसरे काही नाही. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाशी लहान पिनियन, त्यात गुंतलेला मोठा क्राऊन. दोहोंच्या दात्यांचा भागाकार म्हणजेच गाडीचा स्वभाव.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जीपचे आहे. महायुद्धासाठी विलीज कंपनीने बांधलेल्या लष्करी जीपमध्ये पिनियनला ८ व क्राऊनला ३९ दाते असत. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास दांड्याचे फेरे पाचाला जरा कमी. युद्ध संपले, तीच गाडी शेतकऱ्यास विकावयाची ठरली, तेव्हा कंपनीने पिनियन आठाचाच ठेवून क्राऊन ४३ दात्यांचा केला आणि फेरे पाच पूर्णांक तीन अष्टमांशांवर नेले. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत जीपची जोडणी सुरू केली, आणि त्यांच्या मुलकी जीपमधून हे आठास त्रेचाळीस आपल्या घाटांत आले. २८ इंची चाकावर ताशी ६० किलोमीटरांनी जाताना शेतकी जीपचे इंजिन वरच्या गिअरमध्ये मिनिटास सुमारे २,४०० फेरे घेते, लष्करी जीपचे त्याहून सव्वादोनशे कमी. फरक एक दशांशाचा. सपाटीवर तो पेट्रोलच्या हिशेबात व कानाच्या भणभणीत जाणवतो. घाटात मात्र सगळा निवाडा त्यावरच ठरतो.

कोणी म्हणेल, गिअरपेटी असताना याची मातब्बरी काय? ज्याने भरली गाडी पसरणीत घातली आहे तो असे म्हणणार नाही. दुसरा गिअर ठेवावा तर वळणावर गाडीचा दम तुटतो, पहिला टाकावा तर इंजिन किंचाळते, रेडिएटर उकळतो आणि किन्नराला दगड घेऊन चाकामागून चालावे लागते. दुसऱ्या गिअरात घाट निघणे अथवा न निघणे हे त्या चार दात्यांवर अवलंबून असते. उताराचे मर्म तर बहुतेक खरेदीदारांच्या ध्यानीच येत नाही. कुंभार्लीने गुळाच्या ढेपा घेऊन चिपळूणकडे उतरणाऱ्यास चढण्याचे भय नसते, ब्रेक तापून निकामी होण्याचे असते, आणि तेथे इंजिनाने गाडी मागे धरून ठेवणे हे जास्त फेऱ्यांच्या आसासच साधते. माझ्या मते घाटासाठी आस निवडताना चढापेक्षा उताराचाच विचार आधी व्हावा.

सांगलीची गोष्ट निराळी. एके काळी हरिपूरच्या पेवांतून निघणारी हळद काय किंवा तासगावचा बेदाणा काय, लांबच्या पेठेस जावयाचा माल सपाट रस्त्याने तासन्‌तास धावतो. त्यास कमी फेऱ्यांचा आस हवा. पुढे जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातले संथ डिझेल इंजिन बसू लागले, तेव्हा ही अडचण विशेष भासली: मिनिटास ३,००० फेऱ्यांवर आठास त्रेचाळीसची गाडी ताशी पंचाहत्तरीच्या आसपास थकते, तेथे आठास एकोणचाळीसची त्र्याऐंशी गाठते. कित्येकांनी आसास हात न लावता ३२ इंचांचे चाक चढवून वेग मिळविला. पण त्यामुळे त्रेचाळीसची गाडी एकोणचाळीसच्याही पलीकडे जाते आणि वेगाचा काटा खोटे बोलू लागतो, हे त्यांस पहिल्या घाटात कळले. शिवाय क्राऊन-पिनियन ही कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळविलेली जोडी. एकीतला क्राऊन दुसरीतल्या पिनियनशी लावला तर हौसिंग जन्मभर घोंघावते. जीपला पुढचाही आस ओढ देतो, तेव्हा तोही त्याच हिशेबाचा बदलावा लागतो. खर्च दुप्पट, आणि म्हणूनच चुकीचा आस बदलण्यापेक्षा गाडीच विकून टाकण्याकडे लोकांचा कल असे.

वाईजवळच्या एका गॅरेजात लहानपणी पाहिलेला प्रसंग मला स्पष्ट आठवतो. आमच्या ओळखीच्या एका बागाइतदाराने जुन्या बाजारातून जीप घेतली होती, विकणाऱ्याने ती ‘शेतीची’ म्हणून गळ्यात मारली होती, आणि पाचगणीस बटाट्याचे बियाणे नेताना ती दर खेपेस अडत होती. कार्ब्युरेटर झाला, प्लग झाले, क्लच-प्लेट झाली. अखेर म्हाताऱ्या मिस्त्रीने मागले एक चाक जॅकवर उचलले, गिअर मोकळा केला, टायरवर आणि खालच्या दांड्यावर खडूची एकेक रेघ ओढली व पोराला चाक सावकाश फिरवावयास सांगितले. एकच चाक उचललेले असले म्हणजे त्याचे दोन फेरे घ्यावयाचे, तेव्हा दांड्याचा हिशेब बरोबर येतो, हे तो आम्हां मुलांना गाडीखालूनच ओरडून सांगत होता. चाकाचे दोन फेरे पुरे झाले तेव्हा दांड्यावरची रेघ पाचव्या फेऱ्याच्या जराशी अलीकडे थांबली.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, “ही मिलिटरीची हाय, अण्णा. हिला घाट न्हाय, माळ दावा.”

त्याच हंगामात ती जीप तासगावकडच्या एका द्राक्षवाल्याने नेली.