तळटीप : कवी नर्मद आणि गांधीजी

* नर्मद : नर्मदाशंकर लालशंकर दवे (१८३३–१८८६). सुरतेचे कवी, ‘नर्मकोश’कार आणि ‘दांडियो’ या सुधारकी पाक्षिकाचे संस्थापक.

त्यांची एक छोटी कविता राजकोटच्या शाळकरी पोरांच्या तोंडी होती, असे गांधीजी आत्मकथेत सांगतात. मांस खाऊन धिप्पाड झाला म्हणून इंग्रज राज्य करतो, हा तिचा आशय. मोहनदासला तो पटला. देश सोडवायचा तर मांस खाल्लेच पाहिजे, असे ठरवून वैष्णव घरातल्या या मुलाने सुमारे वर्षभर ते चोरून खाल्ले. अखेर आईवडिलांशी खोटे बोलणे असह्य झाले, म्हणून सोडले.

‘स्वराज’ हा शब्द तेव्हा ऐकलेला नव्हता, पण स्वातंत्र्याचा अर्थ कळत होता, असेही ते नोंदवतात. पुढे १९३०च्या मीठ-सत्याग्रहासाठी त्यांनी निवडलेले दांडी गावही तेव्हा नर्मदांच्या सुरत जिल्ह्यातलेच. आज ते नवसारी जिल्ह्यात मोडते.